ब्याऐंशीचे सत्त्याण्णव

जाळी ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका जाळ्यांच्या ढिगांवर बसल्या होत्या, पुरुष भिंतीला चिकटून उभे होते, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते बाहेर उन्हात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांशी दाटी करून उभे होते. मास्क प्रत्येकाकडे होता, पण बहुतेकांच्या हनुवटीवर. पुढे टेबलावर जांभळं कापड, कापडावर क्रूस, आणि क्रूसाच्या शेजारी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. २०२१ चा एप्रिल होता. त्या दिवसांत घराघरांत आल्टरपेक्षा, म्हणजे देवाच्या कोनाड्यापेक्षा, त्या चिमट्याकडेच जास्त वेळा बघितलं जात होतं.

"बोलो, प्रेज द लॉर्ड," ब्रदर फ्लॉयड माइकवर म्हणाला. "ये मशीन मेरी नहीं है, सायन्स की है. डॉक्टर लोक हिच्यावर भरोसा ठेवतात ना? मग आज हीच साक्ष देणार. माणूस झूठ बोलेल, मशीन बोलणार नाय. मशीन चायनाची, पण साक्ष कोणाची?"

"येशूची," शेडमधून एकच आवाज आला.

पांढरा सफारी, मागे वळवलेले केस, अत्तराचा वास दारापर्यंत. हा इसम पूर्वी मीरा रोडला लग्नाच्या रिसेप्शनमध्ये माइक धरायचा. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात नवरानवरीला केक कापायला त्यानेच बोलावलं होतं. आवाज तोच होता, फक्त मजकूर बदलला होता.

टेबलाशेजारी एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम होता. त्यावरही जांभळं कापड, आणि कापडाच्या मधोमध हात जातील एवढं भोक. पुढे येणाऱ्याने आधी त्या पवित्र पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवायचे. ब्रदरची पश्चात्तापाची प्रार्थना संपेपर्यंत हात वर काढायचे नाहीत. ती प्रार्थना तो चांगली लांबवायचा. मग हात पुसून बोटाला मशीन.

त्या दिवशी खुर्चीवर एक म्हातारी बाई बसली होती. ब्रदरने तिच्या बोटाला चिमटा लावला, आकडा वाचला आणि डोळे मिटून घेतले. "ब्याऐंशी," तो हळूच म्हणाला. शेडमध्ये कुणीतरी हुंदका दिला. ऑक्सिजन ब्याऐंशी म्हणजे काय ते आता पोरासोरांनाही कळत होतं.

मग गाणं सुरू झालं. ब्रदरने कोपऱ्यातल्या चुलीवर गरम ठेवलेल्या वाटीतलं तेल घेतलं आणि म्हातारीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून चोळू लागला. गाणं चाललं, चाललं, पुन्हा पहिल्या कडव्यापासून चाललं. गाणं संपल्यावर त्याने पुन्हा मशीन लावलं आणि माइक म्हातारीच्या तोंडाशी नेला. "आँटी, तूच वाच."

"सत्त्यान्नव," म्हातारी म्हणाली, आणि रडू लागली.

लोक गुडघ्यांवर कोसळले. शेजारी बसलेल्या बाईने तिला मिठी मारली. खरं सांगते, दारात उभ्या असलेल्या माझ्याही अंगावर काटा आला. कारण ती म्हातारी, गर्ट्रूड, माझी आई होती.

मी जोआन. भाईंदरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, राहते तिथल्याच जेसल पार्कला. माहेर उत्तनचं, बंदराला लागून. आई अजूनही पहाटे बंदरावर मासळी निवडते आणि मंदामावशीबरोबर भाईंदरच्या बाजारात बसते. मंदामावशी आमच्या धर्माची नाही, पण दोघींची बाजारातली जागा एकच, डबा एक, भांडणही एकच, ते रोज नव्याने सुरू होणारं. आईला मिठी मारणारी बाई तीच. त्या दिवशी आईला कणकण आहे असं कळल्यावर मी गोळ्या घेऊन आले, तर घराला कुलूप. शेजाऱ्यांनी शेडकडे बोट दाखवलं.

आईच्या घरी परतल्यावर मी तिला लांबूनच म्हटलं, "आय, उद्या टेस्ट करू या. आणि त्या गर्दीत परत जायचं नाही."

"कशाला टेस्ट?" आई चूल पेटवत म्हणाली. "मशीनने सांगितलं ना? तू तर मशीनवालीच हायस."

"मग चर्च का बंद ठेवलंय फादरनी? उगाच?"

इथे पास्कल मधे पडला. पास्कल माझा धाकटा भाऊ, बोटीवर जातो, आईजवळ राहतो. "बाय, तूच सांग. बाजार उघडा हाय, बँक उघडी हाय, दारू घरपोच येते. फक्त देवालाच कुलूप? फादर मोबाइलवर मिस्साची प्रार्थना दाखवतो. मोबाइलवर कधी पोट भरलंय काय?"

त्याचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. ईस्टरनंतर पुन्हा बंदी आली तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. माणसं पटापट मरत होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पुरली जात होती, शेवटचा हात लावायलाही मिळत नव्हतं, आणि नेमकं अशा वेळी ज्या बाकावर बसून रडायची सवय तो बाक बंद. भीतीला जायला जागाच उरली नव्हती. ब्रदर फ्लॉयडने ती जागा उघडून दिली. एवढं त्याला बरोबर कळलं होतं.

मी आमच्या चर्चच्या फादर कार्लना फोन केला. ते दमलेले होते. "जोआन, मला रोज शिव्यांचे मेसेज येतात," ते म्हणाले. "भित्रा म्हणतात, सरकारचा नोकर म्हणतात. दार उघडलं तर शिव्या आजच्या आज थांबतील. पण मग या सगळ्यांची प्रेतं मलाच पुरायची आहेत. तू तुझ्या आईला सांभाळ."

आईला सांभाळणं सोपं नव्हतं. ती आता साधी गर्ट्रूड राहिली नव्हती, ती साक्ष झाली होती. दर बैठकीला ब्रदर तिला पुढच्या रांगेत बसवायचा आणि माइक द्यायचा. माझी आई आयुष्यात कधी माइकवर बोलली नव्हती. आता शेजारच्या डोंगरी गावापासून माणसं तिला बघायला यायची, तिच्या हाताला हात लावायची. मंदामावशीला तर आईच हाताला धरून घेऊन जायची. "तू कुठल्या का देवाची आसशील," आई म्हणायची, "पन बस माज्या बाजूला."

त्यानंतर एका दुपारी पास्कलचा फोन आला. त्याचा आवाज बदललेला होता. "बाय, आय बोलता बोलता थांबते."

मी सगळं टाकून निघाले. रस्त्यावर रुग्णवाहिकांशिवाय फारसं काही नव्हतं. त्यांचा आवाज लांबून यायचा, जवळ यायचा आणि पुढे निघून जायचा, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की ही आईलाच न्यायला चालली आहे.

आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "काय झालं न्हाय," पण ते तीन शब्द बोलायला तिला मधे श्वास घ्यावा लागला. ओठ काळपट दिसत होते. मी माझं मशीन तिच्या बोटाला लावलं. सत्त्याऐंशी. मी तिचे हात माझ्या हातांत धरून गरम केले, दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं. सत्त्याऐंशी, शहाऐंशी.

आमच्या बिल्डिंगमधल्या डॉक्टर मृणालिनींना मी फोन लावला. त्या कोविड सेंटरवर होत्या. "इकडे एक बेड आत्ता रिकामा झालाय," त्या म्हणाल्या. तो कसा रिकामा झाला ते मी विचारलं नाही. "मी थोडा वेळ धरून ठेवते, जास्त नाही. लगेच आण. संध्याकाळची वाट बघू नकोस, जोआन."

"मी जानार न्हाय," आई म्हणाली.

"आय, तुझा ऑक्सिजन खाली आलाय."

"देवाने मना बरं केलंय. सगल्या गावाला मी सांगितलंय. आता हास्पिटलात जाऊ म्हनजे... देवाला खोटा पाडू?" तिला धाप लागली. ती थांबली, आणि पुन्हा म्हणाली, "लोक काय म्हनतील? गर्ट्रूड खोटी बोलली?"

तेव्हा मला खरी भीती वाटली. मला वाटत होतं की आई हट्टी आहे, अडाणी आहे, ब्रदरच्या नादी लागली आहे. तसं नव्हतं. आई दिलेला शब्द पाळत होती. त्या मशीनच्या एका आकड्यावर तिने देवाची अब्रू ठेवली होती, आणि ती अब्रू वाचवण्यासाठी ती माझ्यासमोर खाटेवर बसून मरायला तयार होती.

"तुजा मीटर खराब आसल," पास्कल म्हणाला. तोही घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला धरायला काहीतरी लागतंच. "ब्रदरचा बघू."

"ब्रदर बोलला तर जाईन," आई म्हणाली.

वाद घालण्यात तिचा श्वास खर्च होत होता. मी म्हटलं, "चल. पण आत न्यायची नाही. टेम्पोत बसवू, शेडच्या बाहेर, मोकळ्यावर. ज्याला बरं करायचंय तो बाहेर येईल." शेड कोविड सेंटरच्या वाटेवरच होती, आणि निदान आई घरातून हलत होती. पास्कलने मासळीचा टेम्पो काढला, मागे गादी टाकली, आणि आम्ही तिला उचलून बसवलं. तिने तोंडावर मास्क लावू दिला, एवढंच.

शेडमध्ये दुपारची बैठक चालू होती. गर्ट्रूड आली म्हटल्यावर लोक बाहेर लोटले. मी ओरडून त्यांना लांब उभं राहायला लावलं. ब्रदर आला, आईकडे बघितलं, आणि एक क्षण त्याचा चेहरा पडला. त्याला कळलं होतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. मग त्याला भोवतालची गर्दी दिसली आणि त्याने माइक तोंडाशी नेला.

"शैतान हारने के बाद वापस आता है," तो म्हणाला. "गुस्से में आता है. आँटीच्या घरात कोणीतरी शंका केलेली आहे. मैं नाम नहीं लूंगा." सगळे माझ्याकडे बघू लागले. "ड्रम आणा इकडे. आधी जो शंका करतो तो हात धुवेल. मग आँटी."

दोघांनी ड्रम ढकलत टेम्पोशी आणला. वेळ जात होता. मी विचार केला, एकदाचे धुवून टाकू हात, नाहीतर हा तमाशा संपायचा नाही. मी बाह्या वर केल्या आणि भोकातून हात आत घातले.

मी किंचाळलेच. हाडापर्यंत कळ गेली. मी हात बाहेर ओढून घेतले.

"बघा," ब्रदर म्हणाला. "पवित्र पानी सहन नाय झाला."

"पाणी इतकं थंड का आहे?" मी विचारलं.

पुढे उभ्या असलेल्या मंदामावशीला माझी गंमत वाटली. "थंड कुठं? पानी हाय तसं हाय," ती म्हणाली. "तू खडू धरनारी, तुजे हात नरम."

मी मावशीच्या हातांकडे बघितलं. मग बाकीच्या बायकांच्या हातांकडे. जाड, लालसर, भेगा पडलेले हात. पहाट झाली की हे हात फोडलेल्या बर्फात जातात, पापलेट चाचपतात, बोंबील वेगळे काढतात, आणि तासन्‌तास तिथेच असतात. पुरुषांचं तेच, बोटीवर. या हातांना ते पाणी थंड वाटणारच नव्हतं. मीरा रोडच्या कुठल्याही सोसायटीत ब्रदरने हा ड्रम ठेवला असता तर पहिल्याच बाईने विचारलं असतं, यात बर्फ कशाला टाकलाय? उत्तनमध्ये कुणीच विचारलं नाही.

मी कापड ओढून काढलं. पाण्यावर बर्फाची लादी तरंगत होती. मला वाटलं, आता लोक चिडतील.

कुणीही चिडलं नाही. लोकांनी ड्रममध्ये डोकावून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "बर्फ हाय," पास्कल म्हणाला. "मग?"

मग काय, हेच मला सांगायचं होतं, आणि मागे आईच्या श्वासाचा आवाज येत होता. वर्गात मुलांना कळलं नाही तर मी फळ्यावर लिहीत नाही, करून दाखवते. मी पुन्हा दोन्ही हात ड्रममध्ये घातले. या वेळी बाहेर काढले नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं, बोटं बधिर झाली, तरी ठेवले. मग पुसले आणि ब्रदरपुढे धरले.

"मला तपासा," मी म्हटलं. "तुमच्या मशीनने."

तो मागे सरकला. "पहले आँटी."

"तपास तिला," टेम्पोतून आई म्हणाली. तिचा आवाज क्षीण होता, पण सगळ्यांनी ऐकला. ब्रदरचा इलाज चालला नाही. मंदामावशीने टेबलावरून मशीन आणलं आणि माझ्या बोटाला लावलं. बराच वेळ नुसत्या रेघा दिसल्या, मग आकडा आला. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून पास्कलने वाचला. "एक्क्याऐंशी."

गर्दीत कुजबुज झाली. पास्कल पांढराफटक पडला. "बाय, तुना पन?"

"मला काही झालेलं नाही. आता कुणीही प्रार्थना करू नका. गाणं नको, तेल नको. ब्रदर, तुम्ही माझ्यापासून लांब उभे राहा." मी हात काखेत दाबून धरले. "पास्कल, मी नववीच्या मुलांना सांगते ते तुला सांगते. हे मशीन बोटातून उजेड सोडतं आणि आतलं वाहणारं रक्त बघतं. बोट गारठलं की रक्त बोटात येत नाही. मग मशीनला नीट दिसत नाही आणि ते काहीतरी भलताच आकडा दाखवतं, किंवा दाखवतच नाही. बोट गरम झालं की रक्त परत येतं आणि खरा आकडा दिसतो. एवढंच."

आम्ही सगळे थांबलो. मला आईचा एकेक श्वास ऐकू येत होता आणि आत कुठेतरी वाटत होतं, आकडा वर आलाच नाही तर? बोटांना मुंग्या आल्या, मग ती ठणकू लागली. मी हात पुढे केला. पास्कलने मशीन लावलं.

"अठ्ठ्यान्नव," तो म्हणाला.

"मला कुणी बरं केलं?" मी विचारलं. "माझ्या काखेने?"

मागून एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. ब्रदर माइकवर काहीतरी सुरू करणार तेवढ्यात मंदामावशी म्हणाली, "ब्रदर, तू बुडव हात."

"मेरी ड्यूटी वो नहीं है."

"आमी सगल्यांनी बुडवले. तू पन बुडव."

चारी बाजूंनी लोक होते. त्याने सफारीच्या बाह्या वर केल्या, देवाचं नाव घेतलं आणि हात आत घातले. पश्चात्तापाचा पहिला शब्दही पुरा झाला नाही. त्याने हात झटकत बाहेर काढले. "साला, कितना..." एवढं त्याच्या तोंडून माइकवर गेलं. पुढचं त्याने गिळलं.

आता लोकांना कळलं. बर्फ दाखवून कळलं नव्हतं, ते त्याच्या हातांनी कळवलं. पुढची बाई आपले हात उलटसुलट करून बघू लागली. "म्हनजे आमी आजारी नव्हतोच?" तिने मला विचारलं.

"काहीजण नव्हता, काहीजण होता. खरा आकडा किती ते आत जाताना कुणी बघितलंच नाही. तेल चोळल्यावर जो दिसला तोच तुमचा आधीपासूनचा. जे आजारी होते त्यांना बरं म्हणून घरी पाठवलं, आणि जे बरे होते त्यांना आजाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसवलं."

मी टेम्पोत चढले. आईचे हात कोरडे होते, आम्ही ते पाण्याला लागू दिले नव्हते. मी ते माझ्या पोटाशी धरले, चांगले गरम होऊ दिले. मग ब्रदरचंच मशीन तिच्या बोटाला लावलं आणि तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

"आय, हे ब्रदरचं मशीन आहे. माझं नाही. तूच वाच."

तिने वाचलं. पंच्याऐंशी. तिच्या छातीचा भाता वरखाली होत होता. मग तिने मला जवळ ओढलं, आणि इतरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "मंग देव... खोटा?"

मी विज्ञान शिकवते. देवाबद्दल माझी स्वतःची मतं आहेत, आणि ती आईला आवडत नाहीत. पण त्या वेळी मला जे खरं वाटलं तेच मी बोलले. "देवाने तुला काही सांगितलंच नव्हतं, आय. पाणी थंड होतं. तू खोटी नाहीस. तुला फसवलं."

"गाडी काढ," आई पास्कलला म्हणाली.

आम्ही निघालो. मागे काय झालं ते मी बघितलं नाही. नंतर ऐकलं की पुरुषांनी ड्रम उलटा केला, आणि त्या गडबडीत ब्रदर फ्लॉयड कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून निसटला. पोलिसांनी त्याला पुढे पकडलं. "मी कुणालाही हास्पिटलात जाऊ नका असं म्हटलं नव्हतं," असं त्याने त्यांना सांगितलं म्हणे. हे खरंच होतं. त्याने तसं कधी म्हटलं नव्हतं, नुसता आकडा दाखवला होता.

आईला बेड मिळाला. डॉक्टर मृणालिनी दारातच उभ्या होत्या आणि चिडलेल्या होत्या. त्यांनी आईला आत नेलं, आणि आमच्या तोंडावर दार बंद झालं. त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. फोन वाजला की मी तो उचलायच्या आधी भिंतीला टेकायचे. पास्कल बोटीवर गेला नाही, घरात बसून राहिला. शेडमध्ये जाणाऱ्या घरांपैकी बहुतेक घरांत कुणी ना कुणी खोकत होतं. मंदामावशीला ताप आला, ती अंगावर काढत राहिली. तिच्या मुलाने तिला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मावशी वारली. तिच्या अंत्यसंस्काराला मुलाशिवाय कुणालाही जाता आलं नाही.

आई वाचली. घरी आली तेव्हा अर्धी झाली होती, भिंतीला धरून चालत होती. मावशीचं आम्ही तिला सांगितलं नव्हतं. पण तिने आल्या दिवशीच विचारलं, "मंदा कुठं हाय?" आणि आमच्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

ती रडली नाही, ते मला जास्त भीतीदायक वाटलं. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पास्कलने, तिला बरं वाटावं म्हणून, मोबाइलवर फादर कार्लची मिस्सा लावून दिली. तिने ती शेवटपर्यंत बघितली आणि मोबाइल उलटा ठेवला.

"तीनशे माणसं आत घेतली आसती तर फादरला काय त्रास व्हता?" ती म्हणाली. मला वाटलं, ही पुन्हा तिथेच आली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. "मना वाटायचं, माजा देव, माजा जीव. मेली तर मी मरन, सरकारला काय? मंदाचा इचारच न्हाय केला. तिला मी बोलावून बाजूला बसवली, बाय. फादरने दार लावलं व्हतं ते तिच्यासाठी."

तिच्या बोलण्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं.

ब्रदर फ्लॉयड काही एकटा नाही, आणि साथही ही शेवटची नाही. म्हणून माझ्या लोकांना, रविवारी बाकावर बसणाऱ्यांना आणि बसायला मिळालं नाही म्हणून रागावणाऱ्यांना, माझं साधं सांगणं आहे. कुणी मशीनचा आकडा चमत्कार म्हणून दाखवला तर आधी विचारा, मशीन लावण्यापूर्वी हातांना काय केलं होतं? बोट गरम करा, कोरडं करा, मग बघा, आणि तरीही आकडा खालीच असेल तर कुणाच्याही प्रार्थनेसाठी थांबू नका. प्रार्थना गाडीतही करता येते. चर्च बंद असलं तर ते का बंद आहे ते विचारा, जरूर विचारा, पटलं नाही तर भांडा. पण भांडण मिटेपर्यंत घरी बसा. तुम्हाला मरणाची भीती वाटत नसेल, तर छानच आहे. ती तुमची श्रद्धा आहे. पण तुमच्या बाजूला जी बसली आहे, तिने तिच्या जीवाचा निर्णय तुमच्यावर सोपवलेला नाही.

आई आता पुन्हा बाजारात बसते. बाजूची जागा रिकामी ठेवता येत नाही, तिथे दुसरी बाई बसते. तिला साधा खोकला आला तरी आई तिची मासळीची पाटी आपल्याकडे ओढून घेते, तिला घरी पाठवते आणि तिची मासळीही स्वतःच विकून देते.